गोषातली हाक

माझं माहेर मुरगूडजवळच्या एका खेड्यातलं. घरची शेती, आणि पाखरं राखायचं काम माझ्याकडे. जोंधळा हुरड्यावर आला की वडील शेतात माळा घालायचे, म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकायचे, आणि मी सकाळपासून त्यावर उभी राहून ओरडायची. गोफण मला कधी धड जमली नाही, त्यामुळे सगळी भिस्त गळ्यावर. चुलते म्हणायचे, ही पोरगी नदीच्या अलीकडं वरडली की पलीकडच्या गावची पाखरं उठत्यात. मला त्या गोष्टीचा अभिमान होता. मुलींना अभिमान वाटावा अशा गोष्टी तेव्हा फारशा नसायच्याच.

पुढे लग्न होऊन मी कोल्हापुरात आले आणि तो आवाज बंद झाला. सासर गोषाचं. मामंजी दरबारच्या पागेत कामाला, आमचे हे नगरपालिकेत कारकून. घर फार मोठं नव्हतं, पण रीत मोठ्या घरासारखी. बायकांनी पुढच्या दाराशी जायचं नाही. देवीच्या दर्शनाला जायचं ते पडदा लावलेल्या दमणीतून, आणि दमणीच्या बैलांबरोबर घरचा म्हातारा गडी चालणार. त्याला सगळे म्हातारबा म्हणत. वाटेत कुणाला काही सांगायचं, विचारायचं झालं तर ते म्हातारबांनी. बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, हे माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या स्वतः इतक्या हळू बोलायच्या की जेवायला वाढताना त्या काय म्हणाल्या ते मला दोनदा विचारावं लागे, आणि दोनदा विचारलं की मी उद्धट ठरे.

महाराजांच्या राज्याची शेवटची काही वर्षं राहिली होती, जर्मनची लढाई संपत आली होती, तेव्हा मानमोडीची साथ आली. ताप, कणकण, छातीत कफ, आणि धडधाकट माणूस चार दिवसांत खलास. प्लेगाच्या वेळी लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले होते. ह्या तापाला ती सोयच नव्हती, कारण माळावरही तोच ताप. घरंच्या घरं आडवी झाली. चूल पेटवायला माणूस नाही अशी गल्लीगल्लीत अवस्था.

शाळा बंद झाल्या होत्या. एका बोर्डिंगच्या आवारात मोठाल्या हंड्यांतून तांदळाची पेज शिजायची आणि बोर्डिंगचे विद्यार्थी, तालमीतली पोरं, पेठेतले दुकानदार असे जे कोणी उभं राहू शकत होते ते ती घरोघर पोचवायचे. त्यांना स्वयंसेवक म्हणायचे. शब्द नवा होता. आमच्या आत्याबाईंना तो लष्करातला वाटायचा.

एक दिवस हे ऑफिसातून आले आणि पायरीवरच म्हणाले, "मी तुझं नाव दिलंय."

"कशाला?"

"सेवेला. पडद्यातल्या घरांत आमची पोरं जाऊ शकत नाहीत. साहेब म्हणाले, बायका पाहिजेत. कुणी नाव देईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले."

मला राग आला, आणि तो मी भांडी आपटून दाखवला. दुसऱ्याच्या बायकोचं नाव कुणी देईना म्हणून ह्यांनी आपल्या बायकोचं दिलं! एरवी आमचे हे बाजारात वांगी घ्यायला चारजणांना विचारत. मला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर राग जेवढा होता तेवढीच भीती होती. इतक्या वर्षांत मी एकटी कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते. परक्या माणसांशी काय बोलतात, कुठून सुरुवात करतात, हेच मी विसरून गेले होते.

आत्याबाई तर ऐकूनच बसल्या. निकाल मामंजींनी दिला. "राज्याचं काम हाय. जाऊ दे तिला. पर म्हातारबा संगं जातील, आणि जे बोलायचं ते म्हातारबा बोलतील."

मला दिलेलं घर आमच्या पेठेपलीकडच्या एका गल्लीत होतं. मुसलमान नालबंदाचं घर. घरचा कर्ता घोड्यांच्या पायांना नाल मारायचा. पलटणीच्या घोड्यांबरोबर तो समुद्रापलीकडे लढाईवर गेला होता. मागे त्याची म्हातारी आई आणि बायको. बायको नुकतीच बाळंत झाली होती आणि तिसऱ्या दिवसापासून तापानं फणफणत होती. हे सगळं तिच्या सुइणीनं येऊन बोर्डिंगच्या आवारात सांगितलं आणि मग ती सुईणही अंथरुणाला खिळली. पोटात अन्न गेलं नाही तर बाळंतीण जगायची नाही, आणि ती गेली तर मूलही जाईल, एवढं ती सांगून गेली होती.

पहिल्या दिवशी मी निघाले. डोक्यावरून शेला, चेहरा झाकलेला, हातात पेजेची झाकणाची चरवी. पुढे म्हातारबा. म्हातारबा तरुणपणी तालमीत घुमलेले. अंग आता सुकलं होतं, पण आवाज छातीतून यायचा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दाराला आतून कडी.

म्हातारबांनी दारावर थाप मारली आणि आपल्या आवाजात म्हणाले, "दार उघडा! पेज आणलीया!"

आत काहीतरी हललं आणि पुन्हा शांत झालं.

"अवो, आमच्या वैनीसाब आल्यात! बाईमाणूस हाय संगं! उघडा की!"

काही नाही. मी शेल्याच्या आत घामानं भिजले होते. त्यांनी आणखी एकदोन हाका मारल्या, दार हलवून बघितलं, आणि आम्ही भरलेली चरवी घेऊन परत आलो. परसदारी आत्याबाईंनी माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. परक्या घरच्या दारात जाऊन आले म्हणून डोक्यावरून अंघोळ, लुगडं बदलायचं, मग घरात पाऊल.

दुसऱ्या दिवशी तेच. ह्या वेळी आत कुणीतरी खोकलं, आणि तान्ह्याचं रडणं अगदी बारीक ऐकू आलं. म्हणजे माणसं होती. ऐकत होती. आणि उघडत नव्हती.

मी घरी येऊन ह्यांना फाडकन सांगितलं, "मी पुन्हा जाणार नाही. त्यांना आमच्या हातची पेज चालत नाही. नाही चालत तर राहिलं. मी काय भीक मागायला जाते का त्यांच्या दारात?"

"असं कसं? बाळंतीण आहे ती."

"मग तिच्या सासूला कळायला नको? कडी लावून बसलीय ती!"

मी तोऱ्यात होते. पण ते बारीक रडणं कानातून जाईना. आमच्याकडचं तान्हं असं रडलं असतं तर घरात पाचजणी धावल्या असत्या.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला सकाळपासून ताप चढला होता. घरात पुरुष कोणी नाही. म्हातारबा बैलांना पाणी दाखवायला गेलेले. मी जावेच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते आणि आत्याबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या, तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"घरात कोण हाय का? औषध आणलंय तापाचं!"

आत्याबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. मी पट्टी हातात तशीच धरून थांबले. जावेला खोकला आला, तो तिनं उशीत दाबला.

"अवो, दरबारचं औषध हाय! उघडा!"

आम्ही तिघी श्वास रोखून बसलो होतो. तो तरुण पोर असावा. त्यानं कडी वाजवली, थोडं थांबला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्याची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली. आत्याबाईंनी पुन्हा माळ ओढायला घेतली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या नालबंदाच्या घरात आत्ता असंच कुणीतरी ओठांवर बोट ठेवून बसलं असेल. पडद्याच्या घरात पुरुष जाऊ शकत नाही म्हणून मला बाई म्हणून धाडलं होतं, आणि दारात उभं राहून बोलत होता कोण, तर म्हातारबा! मी तिथं होते हे त्या घराला कळणार कसं? मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. बायांनी बोलायचं नाही ही आमची रीत आणि बाप्याला दार उघडायचं नाही ही त्यांची, म्हणजे आमचीच. त्या रितीखाली एक बाळंतीण दोन दिवस उपाशी पडली होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तो औषधवाला गेला. हिला औषध लागणार आहे."

"संध्याकाळी कुणीतरी घरात असंल तवा यील परत," त्या म्हणाल्या.

तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी मी म्हातारबांना थांबवलं. "तुम्ही इथंच कट्ट्यावर बसा. तंबाखू खा."

"आन् हाक कोन मारणार?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बैलाला बोलायला शिकवते म्हणाले. "मामंजी इचारतील, वैनीसाब."

"विचारू देत."

दारापर्यंत गेले तर खरी, पण हाक येईना. कुणाला हाक मारायची? नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. मावशी म्हणावं की भाभी, की काय? मी घसा खाकरला आणि "अहो" म्हणाले. ते मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, तर घशातून कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज. मला रडू यायला लागलं. माझा मलाच इतका राग आला! जिच्या ओरडण्यानं नदीपलीकडची पाखरं उठत होती, ती मी, एका दाराशी उभी राहून चिवचिव करत होते.

मग मी चरवी खाली ठेवली, चेहऱ्यावरचा शेला मागे सारला, माळ्यावर उभी राहायची तशी पाय रोवून उभी राहिले, आणि पोटातून ओरडले, "आक्काऽऽऽ!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. कुठंतरी कुत्रं भुंकायला लागलं. गल्लीच्या तोंडाशी म्हातारबा कट्ट्यावरून ताडकन उठलेले मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसले. आता लाज जायची ती गेलीच होती, म्हणून मी आणखी एकदा ओरडले, "आक्का, पेज आणलीया! मी बाई हाय! उघडा की!" किती वर्षांनी माझ्या तोंडात माझ्या माहेरची बोली आली होती.

आतून फरफटत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. "कोन हाय गे?"

"मी! पेजवाली!"

कडी निघाली. दारात एक म्हातारी भिंतीला धरून उभी होती. डोळे तापानं लाल, डोक्यावरची ओढणी तशा अवस्थेतही नीटनेटकी. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मग माझ्या मागे बघितलं.

"त्यो बाप्या कुठं हाय? रोज यिऊन वरडणारा?"

"तो आमचाच गडी. मी त्याच्याबरोबरच येत होते."

"तू हुतीस?"

"होते."

"मग बोलली का न्हाईस? त्यो म्हनतोय बाई आलीया, बाई आलीया, आन् बाई तर गप! म्हटलं, ह्यो मेला फसवतोय. साथीत चोर शिरत्यात घरात. तुला तोंड न्हाई व्हय?"

मी म्हणाले, "आमच्यात बोलत नाहीत रस्त्यात. आमच्याकडेपण गोषा आहे."

म्हातारीला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि तिला धरायला मी उंबरा ओलांडून आत गेले. पहिल्यांदा परक्याच्या घरात मी अशी शिरले.

आत बाजेवर ती पोर पडली होती. पोरच, माझ्यापेक्षा लहान. ओठ फुटलेले, छातीचा भाता चाललेला. शेजारी फडक्यात बाळ, आणि त्याच्या तोंडात गुळाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी. घरात होता तो गूळ आणि आडाचं पाणी, एवढ्यावर तीन जीव चालले होते. म्हातारीनं स्वतः काही खाल्लं असेल असं वाटत नव्हतं. मी त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेज भरवायला लागले. पहिला घोट बाहेर आला. दुसरा राहिला. म्हातारी बाजेच्या कडेला बसून प्रत्येक घोटाबरोबर स्वतः आवंढा गिळत होती. "तुम्हीपण घ्या," म्हटलं तर म्हणाली, "आदी ती." चरवीच्या तळाशी उरलं ते तिनं घेतलं, तेही मी दरडावलं तेव्हा.

त्यानंतर मी रोज जायला लागले. पेज, औषध, आमच्या परसातल्या शेळीचं दूध बाळासाठी. रोज गल्लीत शिरताना हाक मारायची, आणि रोज आधीपेक्षा सोपं जायचं. हळूहळू आजूबाजूच्या घरांतूनही आवाज यायला लागले, "ए पेजवाल्या आक्का, इकडंबी ये की जरा!" मीही जायची. एकीच्या घरी लोकर पिंजलेली पडलेली, एकीच्या घरी नुसती पोरं. कुणी मला नाव विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तापानं पडलेल्या बायका जे बोलतात ते आम्ही बोलायचो. मला अशा मैत्रिणी माहेर सुटल्यापासून नव्हत्या.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. मलकापूरचे एक पाहुणे जेवायला बसले असताना म्हणाले, "तुमच्या सूनबाई भर गल्लीत हाका मारत हुत्या म्हनं." मामंजींनी ताटातली नजर वर केली नाही. आत्याबाईंनी मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. तसंही त्यांचं बोलणं ऐकू येत नसे, पण आता ओठही हलेनात.

त्यातच जावेचा ताप उतरेना. दुपारी पुन्हा तो औषधवाला आला. पुन्हा घरात पुरुष नाही. आत्याबाईंचं बोट ओठांकडे निघालं. मी उठले, पुढच्या दाराशी गेले, आणि म्हणाले, "थांबा, आले." बाटली घेतली, किती आणि कधी द्यायचं ते विचारून घेतलं. मागे वळले तर आत्याबाई माजघराच्या दारात उभ्या. वाटलं, आता काही तरी ऐकायला लागणार. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि जावेकडे घेऊन गेल्या. जाऊ वाचली.

नालबंदाची बायकोही वाचली. म्हातारी वाचली नाही. सून उठून बसायला लागली आणि मगच ती आडवी झाली, जणू राखणीची आपली पाळी संपायची वाट बघत होती. शेवटी शेवटी मी गेले तेव्हा तिनं माझा हात धरला होता. "पोर जरा मोठं झालं की तुज्याकडं दावायला धाडते," म्हणाली. मी "धाडा" म्हणाले. आमच्या घरी ते कसं जमणार होतं ते मला माहीत होतं. ती गेली तेव्हा मी आमच्या परसात बसून खूप रडले. ते दोन दिवस मिळाले असते तर, हे मनात येऊन गेलं. अजूनही येतं.

साथ ओसरली. हंडे उतरले, शाळा उघडल्या. मला कुणी जाऊ नको म्हणालं नाही, पण जायला कारण उरलं नाही. मी पुन्हा घरात, आणि बाहेर पडायचं ते दमणीतून.

पुढच्या वर्षी नवरात्रात आम्ही देवीला निघालो होतो. आत मी, आत्याबाई आणि जाऊ. महाद्वाराकडच्या गर्दीत दमणी अडकली आणि म्हातारबा बैलांपुढे उभे राहून आपल्या नेहमीच्या आवाजात ओरडायला लागले, "बाजूला व्हा! अवो, बाजूला व्हा की! बाईमाणूस हाय आत!"

तेवढ्यात गर्दीतून एका बाईचा आवाज आला. चांगला मोठा. "पेजवाल्या आक्काऽऽ!"

मी दचकले. पडद्याच्या फटीतून बघितलं तर काळ्या बुरख्यातली एक बाई, कडेवर मूल, गर्दीतून वाट काढत दमणीकडे येत होती. दमणीत कोण बसलंय हे तिला दिसणं शक्यच नव्हतं. तिनं म्हातारबांचा आवाज ओळखला होता. दोन दिवस दाराआडून ज्या आवाजाला भिऊन ती पडून राहिली होती, तोच.

"आक्का, हैस का आत? सासूनं सांगितल्यालं! पोर दावायचं हाय तुला!"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या पुढे बघत बसल्या होत्या, जपमाळ हातात. बाहेर आणखी एक हाक आली. आता दमणी हलायला लागली होती.

"अगं, ओ दे की," आत्याबाई म्हणाल्या. इतक्या स्पष्ट, की मला पुन्हा विचारावं लागलं नाही. "कवाधरनं बोलावतीया ती."

मी ओ दिली. म्हातारबांनी बैल थांबवले. आणि आत्याबाईंनी स्वतः आपल्या हातानं पडदा वर केला आणि मूल घ्यायला हात पुढे केले.